गळ्याच्या संताकडून प्रसाद आणताना

रायपूर

बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी आईने नवस केला, आणि तो आमच्या घरातल्या कुठल्याच देवाला केला नाही. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर तिच्याशेजारी फिलोमिना दीदी बसल्या होत्या. दीदी समता कॉलोनीत आमच्या मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात नर्स आहेत. बाबांच्या गळ्यातली गाठ पहिल्यांदा त्यांच्याच बोटांना लागली होती. त्या मूळच्या वसईकडच्या, समुद्रकाठच्या एका लहान गावच्या. तिथल्या चर्चमध्ये संत ब्लेझ आहे आणि तो गळ्याचा संत आहे, असं त्यांनी आईला सहज, वेळ जावा म्हणून सांगितलं. घशात काटा अडकला, आवाज बसला, गाठ आली की लोक त्याच्याकडे जातात. आईने तिथल्या तिथे हात जोडले. हे पुन्हा बोलले तर पोरीला तुझ्या सणाला पाठवीन आणि तुझा प्रसाद आणून यांना खाऊ घालीन. पोर म्हणजे मी. मी त्या वेळी खाली औषधं आणायला गेले होते.

बाबा बोलले. आवाज जाडाभरडा आला, पण आला. रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या ऑफिसात त्यांनी नोकरी काढली. नागपूरला जायला गाडीत बसले की गोंदिया येईपर्यंत अर्ध्या डब्याशी त्यांची ओळख झालेली असायची. त्या माणसाला आवाज परत मिळाला याचा आनंद घरात इतका होता की नवसाची आठवण कोणी काढली नाही. पहिल्या वर्षी नवा रायपूरमधली माझी नोकरी नवी होती, रजा मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी मी मागितलीच नाही. मग या हिवाळ्यात बाबांचा आवाज पुन्हा बसत गेला. आधी खरखर, मग नुसती कुजबुज. डॉक्टरांनी फेब्रुवारीत दुर्बीण घालून तपासायचं ठरवलं. आईने निदान त्याआधीच केलं होतं.

"नवस फेडला नाही, म्हून आवाज बसून राहिला ह्यायचा," ती म्हणाली.

आमच्या घरात आई मराठीत बोलते आणि मी हिंदीत उत्तर देते. असं कधीपासून झालं ते आठवत नाही. शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी, ऑफिस दोन्ही. मराठी कानात राहिली, तोंडात आली नाही. माझा या गोष्टींवर भरोसा नाही, असं मी तिला नेहमीप्रमाणे हिंदीत सांगितलं.

"मी कुठं तुह्या भरोशाचं विचारून राहिली? जाशीन का नाही, ते सांग."

जाईन, असं मी म्हटलं. मी फार बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडून फार शब्दही दिले जात नाहीत. जो दिला तो मात्र मी पाळते. रजेचा अर्ज त्याच दिवशी केला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आईने एक नवा पांढरा रुमाल धुऊन, इस्त्री करून माझ्या पर्समध्ये ठेवला. "प्रसाद हातात पडला की तोंडात नको टाकजो," ती म्हणाली. "पहिला घास ह्यायचा. ह्याच्यात बांधून आणजो." फिलोमिना दीदींना रजा नव्हती. त्यांनी माझी सोय गावात आपल्या मावशीकडे केली आणि मला दोन-तीन गोष्टी समजावल्या: खांदे झाकलेले असावेत, चर्चमध्ये चपला काढायच्या नसतात, आणि नवस असेल तर मेणाचा गळा वाहायचा असतो, तो तिथेच मिळतो. बाकीच्या गोष्टी कोणाला सांगाव्या लागतात हे त्यांच्या मनातही आलं नसावं.

रोजामावशीची वाडी

रायपूरहून निघाल्यापासून मावशींच्या दारात रिक्षा थांबेपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. वरचा बर्थ, पुस्तक, झोप. रिक्षातून उतरले तेव्हा सकाळ होती आणि हवेला एक ओलसर, खारट वास होता. तो कशाचा ते मला आधी कळलंच नाही.

रोजामावशी साठी उलटलेल्या, लहान चणीच्या, भरभर चालणाऱ्या. पती गेल्यापासून एकट्या राहतात. घर बैठं, कौलारू, आणि मागे केळीची वाडी विहिरीपर्यंत गेलेली. शेजारणीशी त्या ज्या भाषेत बोलत होत्या ती मराठीच असावी असं वाटत होतं, पण मला तिच्यातलं काही समजत नव्हतं. माझ्याकडे वळल्या की त्या शाळेत शिकवतात तशी मराठी बोलत. मी सवयीने हिंदीत उत्तर दिलं.

"मला हिंदी टीव्हीपुरती येते," त्या म्हणाल्या. "तू मराठीत बोल. चुकलीस तर मी कोणाला सांगणार नाही."

मी मनात एक नीटनेटकं वाक्य जुळवलं. बोलायला गेले तर तोंडातून आईची मराठी बाहेर पडली: "मले पाणी पायजे." रोजामावशी हसल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उजळला. आणि कोणाला सांगणार नाही म्हणालेल्या त्या बाईंनी दुपारपर्यंत ते वाक्य चार घरांत सांगितलं. त्यानंतर मी कुठेही गेले की लोक मला आधी पाणी विचारत. नेहमी अशा वेळी मी कोपरा शोधते. इथे कोपरा मिळाला नाही.

दुपारी त्या मला समुद्र दाखवायला घेऊन गेल्या. मी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, म्हणून मनाची बरीच तयारी करून गेले. वाळूचा पट्टा संपला तिथून पुढे नुसता चिखल होता, चकाकणारा, करड्या रंगाचा, नजर पोचेल तिथपर्यंत. होड्या त्यात कलंडून पडल्या होत्या. मी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग समुद्र कुठे आहे असं विचारलं.

"गेलाय," मावशी म्हणाल्या. "येईल चारपर्यंत."

आमच्या रायपूरचा बूढ़ा तालाब कुठे जात नाही. पाणी सकाळी जातं आणि संध्याकाळी येतं, आणि माणसं आपली कामं त्याच्या वेळेवर लावतात, हे मी पुस्तकात वाचलं असणार. पण त्या रिकाम्या चिखलासमोर उभं राहिल्यावर ते पहिल्यांदा खरं वाटलं. किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते, जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून. मघाचा वास त्यांचाच होता. पुरानी बस्तीत गच्च्यांवर या दिवसांत बिजौरी, म्हणजे उडदाच्या वड्या, वाळत असतात, त्या आठवल्या. वाळवणाची राखण इथेही म्हाताऱ्या बायकाच करत होत्या, हातात काठी घेऊन. फरक एवढाच की आमच्याकडे माकडं येतात आणि इथे कावळे.

वाळवण मावशींच्या घरीही होतं. त्यांच्या वाडीतली राजेळी केळी पिकली की सोलून, अंगणात चटईवर उन्हात घालतात. ती आठ-दहा दिवसांत आक्रसून, गडद होऊन, मधासारखी चिकट होतात. याला सुकेळी म्हणतात. मग केळीच्या सुक्या पानात त्यांची घट्ट मोळी बांधायची. त्यांनी मला एक चाखायला दिलं. दातांना काही काम नव्हतं. जिभेवर ठेवलं की आपोआप मऊ होत होतं. अशी एक मोळी त्यांनी वेगळी काढून लाल दोऱ्याने बांधली होती. ती उद्या सणाला वेदीजवळ ठेवायची होती. ज्याच्या वाडीत जे होतं ते लोक त्या दिवशी नेतात, फादर त्यावर आशीर्वाद देतात, आणि वर्षभर घरात कोणाचा घसा दुखला की त्यातलं थोडं खातात. मावशींचे पती चर्चच्या गायनात होते. त्यांच्या घशासाठी ही मोळी चाळीस वर्षं बांधली जात होती. आता त्या स्वतःसाठी बांधतात. खोकला नसला तरी महिन्यातून एक खातात, असं त्यांनी सांगितलं.

रात्रीच्या जेवणात त्यांनी तांदळाची भाकरी आणि ताज्या बोंबलांचं कालवण केलं होतं. आम्ही नदीचा मासा खातो, मोहरी वाटून लावलेला, काटे काढत काढत. हा मासा काट्यासकट विरघळला. इतका मऊ मासा खाणाऱ्या गावात घशात काटा अडकल्यावर धावून येणारा संत कशाला, असं मी विचारलं. पहिल्यांदाच मी आपण होऊन काही विचारलं होतं.

"बोंबील खाऊन कोणी जात नाही त्याच्याकडे," मावशी म्हणाल्या. "पाला नावाचा मासा असतो. तो खाल्लास की कळेल संत कशाला."

सणाची सकाळ

सकाळी रोजामावशी लाल चौकड्यांचं लुगडं नेसून तयार होत्या. चर्चसमोरच्या मैदानात मांडव घातला होता, कारण चर्चमध्ये एवढी माणसं मावत नाहीत. वेदीच्या बाजूला एका टेबलावर नारळ, पपया, मधाच्या बाटल्या, पावांच्या टोपल्या आणि केळी रचली होती. मावशींनी आपली मोळी तिथे ठेवली आणि बाकावर जागा धरली. मिस्सा, म्हणजे सणाची मुख्य उपासना, सुरू व्हायला थोडा वेळ होता. मी मेणाचा गळा आणायला बाहेर आले.

रस्त्याच्या कडेला दोन-तीन दुकानं होती. मेणाचे हात, मेणाचे पाय, डोळ्यांची जोडी, बाळं, छोटी घरं. एक विमानही होतं. परदेशी जायला मिळावं म्हणून ते वाहतात. गळा कुठेच दिसला नाही. मी पहिल्या दुकानदाराला विचारलं.

"गळा वेगळा येत नाही, ताई. डोक्याबरोबर येतो."

त्याने अख्खं डोकं काढून दिलं. पिवळट, गुळगुळीत, एकही केस नसलेलं, आणि खाली जेमतेम दोन बोटं मान. एवढ्याशा मानेसाठी एवढं डोकं न्यावं का, म्हणून मी अजून दोन दुकानं हिंडले. सगळीकडे मान तेवढीच होती. शेवटी पहिल्याकडे परतून तेच डोकं घेतलं. या सगळ्यात बराच वेळ गेला. मागे माईकवरून काही सूचना चालल्या होत्या. त्या मी ऐकल्या नाहीत. मी परत आले तेव्हा सगळे उभे राहून गात होते. मी मांडीवर डोकं घेऊन बसले.

मिस्सा मराठीत होती. पेटी आणि तबल्यावर गाणी होती. आमच्या घरी सत्यनारायणाला गुरुजी काय म्हणतात ते मला कधी समजलं नाही. इथे मात्र पहिल्यापासून प्रत्येक शब्द समजत होता. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी मिशनची नव्हती, त्यामुळे आता पुढे काय होणार हे मला माहीत नव्हतं. मी शेजारच्यांकडे बघून उठत होते, बसत होते. एका टप्प्यावर लोक रांगेने वेदीकडे जाऊ लागले. पुढे फादर प्रत्येकाला काहीतरी देत होते. मी मान लांब करून पाहिलं. पांढरी, पातळ, गोल चकती. तळहातावर.

हाच तो प्रसाद, हे ओळखायला मला कोणाची गरज वाटली नाही. मी डोकं बाकावर ठेवलं आणि रांगेत उभी राहिले. रोजामावशी माझ्यापुढे बऱ्याच अंतरावर होत्या. डावा हात उजव्यावर ठेवायचा, हे मी पुढच्यांचं बघून घेतलं. फादर म्हणाले, "ख्रिस्ताचे शरीर." माझ्यापुढची बाई "आमेन" म्हणाली होती, तसं मीही म्हणाले. ती चकती माझ्या हातावर आली तेव्हा तिला वजनच नव्हतं. बाकीचे तिथेच तोंडात घालत होते. मी मूठ मिटली, बाजूला झाले, चालता चालता पर्समधून आईचा रुमाल काढला आणि तिला त्यात जपून गाठ मारली. इतक्या माणसांत कोणाचं लक्ष गेलं नाही. मला फार हलकं वाटलं. दोन वर्षं राहिलेलं काम झालं होतं.

रोजामावशी गुडघे टेकून, डोळे मिटून होत्या. डोळे उघडल्यावर त्यांना माझ्या हातातली गाठ दिसली. त्यांनी हळूच विचारलं, हे काय आहे.

"प्रसाद," मी म्हटलं. "बाबांसाठी."

मावशींचा चेहरा पांढरा पडला. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. रागावणाऱ्या माणसापुढे गप्प बसता येतं. त्या घाबरल्या होत्या. माझ्या कानाशी येऊन त्यांनी सांगितलं की हे घरी न्यायचं नसतं, ठेवायचं नसतं, ज्याने हातात घेतलं त्याने तिथेच तोंडात घालायचं आणि तेही आमच्यातल्यानेच. आमच्यासाठी तो प्रत्यक्ष देव आहे, बाळ, असं त्या म्हणाल्या. तू त्याला गाठ मारली आहेस.

मी म्हटलं, पण मी एवढ्यासाठीच तर आले. हे मी हिंदीत म्हटलं की मराठीत, ते आठवत नाही.

मला वाटलं त्या हात पुढे करून रुमाल मागतील. त्यांनी तसं केलं नाही. "मी हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातात दिलंय. तूच जाऊन फादरांना दे." आणि त्या पुन्हा डोळे मिटून बसल्या. आता त्या माझ्यासाठी प्रार्थना करत होत्या हे मला कळत होतं.

मांडवाची मागची बाजू उघडी होती. तिथून पलीकडे रिक्षा उभ्या होत्या. मी बाहेर पडले असते तर मावशींनी मला अडवलं नसतं, आणि रायपूरमध्ये कोणाला काही कळलं नसतं. बाबांना पहिला घास मिळाला असता, आईच्या मनातली टोचणी गेली असती. गाणं चालू होतं. मला आठवला तो आईचा रुमाल इस्त्री करतानाचा चेहरा. इतक्या जपून करायला दिलेली गोष्ट दुसऱ्या कोणाच्या जपण्यावर पाय देऊन करायची, हे काही जमेना. आणि मावशींच्या स्वयंपाकघरात मी जेवले होते.

मी उठले. शेवटचं गाणं संपून फादर चर्चच्या बाजूच्या खोलीकडे निघाले होते. तिथे जायला मांडवाच्या मधल्या वाटेने, सगळ्यांसमोरून जावं लागत होतं. शाळेत बक्षीस घ्यायला स्टेजवर जायचं टाळण्यासाठी मी एकदा आजारी पडले होते. त्या सकाळी मी रुमाल दोन्ही हातांवर धरून ती अख्खी वाट चालले.

फादर वयस्क होते, थकलेले दिसत होते, आणि वरचा झगा काढायला त्यांनी नुकतीच सुरुवात केली होती. मी म्हटलं, "फादर, हे माझ्याकडे चुकून आलं." मग म्हटलं, "चुकून नाही. मी रांगेत उभी राहून घेतलं. मी तुमच्यातली नाही. घरी न्यायला बांधून ठेवलं होतं."

ते क्षणभर चिडले. "मिस्सेच्या आधी मी माईकवरून सांगतो. दर वर्षी सांगतो. ऐकू नाही आलं?"

"मी तेव्हा डोकं विकत घेत होते," मी म्हटलं.

"काय घेत होतीस?"

"मेणाचं. गळा वेगळा मिळत नाही."

त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठे जावं ते न कळल्यासारखा थांबला आणि मग गेला. त्यांनी गाठ सोडली, ती चकती उचलली, थोडा वेळ मान खाली घालून उभे राहिले आणि ती स्वतः खाल्ली. मग एका वाटीत पाणी घेऊन रुमालाचा तो भाग धुतला, आणि बाहेर जाऊन ते पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं. कशाचीही घाई केली नाही. ओला रुमाल पिळून माझ्या हातात देताना विचारलं, कोणासाठी आली होतीस. मी सांगितलं. त्यांनी मला बाहेरच्या दुसऱ्या रांगेत जायला सांगितलं. गळ्यावरचा आशीर्वाद त्या दिवशी सगळ्यांना असतो. तिथे कोणाला कोण आहेस असं विचारत नाहीत.

"पण गळा बाबांचा बिघडलाय," मी म्हटलं. "माझा चांगला आहे."

"जो गळा आलाय त्याला मी देऊ शकतो," फादर म्हणाले. "बाकीचे देवाकडे सोपव. जा, उभी राहा."

त्या रांगेत साड्या नेसलेल्या, कुंकू लावलेल्या बायकाही होत्या, मफलर बांधलेली दोन लहान मुलंही. फादरांनी दोन लांब मेणबत्त्या लाल फितीने फुलीसारख्या बांधल्या होत्या, न पेटवलेल्या. त्या त्यांनी माझ्या गळ्याच्या दोन बाजूंना टेकवल्या. मेण गार होतं. त्यांनी पुटपुटून काही म्हटलं आणि पुढच्याकडे वळले. बाकावर एकटं पडलेलं डोकं आणून मी संताच्या पायाशी ठेवलं. संताच्याही हातात दोन मेणबत्त्याच होत्या.

दुपारी मावशींकडे सण होता. तळलेले गोल, पोकळ फुगे आणि डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट इंद्याल. माझ्यासाठी केळफुलाची भाजी वेगळी. शेजारच्यांनी मला सवयीने पाणी विचारलं. मी भाजी नुसती चिवडत होते. नवस फेडायला आलेली मी रिकाम्या हाताने परत जाणार होते. मावशींनी काही वेळ पाहिलं, मग उठून आतून लाल दोऱ्याची मोळी आणली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"हे आजच आशीर्वाद दिलेलं आहे. घशासाठीच आहे. आणि हे घरी न्यायचंच असतं."

ही तुमची वर्षभराची आहे, असं मी म्हटलं.

"मला खोकला नाही," त्या म्हणाल्या.

हा प्रसाद म्हणायचा का, असं मी विचारलं. त्यांनी विचार केला. आमच्यात आम्ही तसं म्हणत नाही, तुमच्यात काय म्हणायचं ते तुझी आई ठरवील, असं त्यांचं उत्तर होतं. "पण तिला सगळं सांग," त्या म्हणाल्या. "नुसती मोळी देऊ नको."

संध्याकाळी संताची मूर्ती खांद्यावरून किनाऱ्यावर नेली. समुद्र आला होता. आदल्या दिवशी चिखलात कलंडलेल्या होड्या सरळ उभ्या राहून हलत होत्या, पताका लावलेल्या. बँड वाजत होता. मी मावशींच्या मागे, पाण्यापासून चार पावलांवर उभी राहिले. मग पाणीच पुढे आलं आणि माझ्या चपला भिजल्या.

परत

तपासणीचं आधी सांगते. मी परतल्यानंतरच्या सोमवारी डॉक्टरांनी दुर्बीण घातली. सूज आहे, नवी गाठ दिसत नाही, दीड महिना बोलणं पूर्ण बंद आणि मग पुन्हा बघू, असं ते म्हणाले. आई हे संताचं मानते. मी वाद घालत नाही. पुन्हा बघायचं अजून बाकी आहे.

पण मी घरी पोचले तेव्हा सोमवार यायचा होता. आईने देवघरासमोर पितळी वाटी मांडून ठेवली होती. बाबा मफलर बांधून खुर्चीत. गाडीत मी एक वाक्य तयार केलं होतं: घे, प्रसाद. दोन शब्द, आणि तसं पाहिलं तर खोटंही नाही. मी मोळी वाटीत ठेवली आणि ते दोन शब्द म्हणणार, तेवढ्यात आई म्हणाली, "रुमाल कुठी हाय?"

रुमाल पर्समध्ये होता, वाळलेला, रिकामा.

मी खांद्यावरची बॅग न काढता उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रांग, चकती, गाठ, मावशींचा चेहरा, मधली वाट, फादर. मराठीत सांगितलं. अडखळले तिथे मावशींचे शब्द घेतले, नाहीतर आईचेच. इतकं सलग मी या घरात कधी बोलले नव्हते. संपल्यावर आईने विचारलं, "त्यायच्या देवाले तू गाठ मारून बसली होती?"

"हो."

"अन् देताना? खाली तं नाही पडलं?"

"नाही. त्यांच्या हातात दिलं."

"रुमालाले चिकटलं अशीन."

"त्यांनी धुतला. पाणी झाडाला घातलं."

आईने श्वास सोडला. "मीच सांगतलं होतं बांधून आणजो म्हून," ती म्हणाली. "माही चूक हाय ते." तिला हात जोडायचे होते, पण तो संत कोणत्या दिशेला आहे ते तिला माहीत नव्हतं. म्हणून ती मागच्या खिडकीकडे वळली, जिथून फिलोमिना दीदींच्या दवाखान्याची पाटी दिसते, आणि तिकडे तोंड करून तिने डोळे मिटले. नंतर तो रुमाल घडी करून देवघराच्या फडताळात ठेवला.

नवस फिटला का, असं मी विचारलं.

"आता फिटला," आई म्हणाली. तिने लाल दोरा सोडला, एक सुकेळं कोमट दुधात कुस्करलं आणि वाटी बाबांच्या हातात दिली. पहिला घास त्यांचाच. त्यांनी तो सावकाश खाल्ला, गिळताना डोळे मिटले, आणि मग बोटाने मला जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडापाशी नेला.

"त्या मेणाच्या डोक्याले," ते कुजबुजले, "केस होते का?"

"नाही. एकही नाही."

"मंग बरोबर हाय," बाबा म्हणाले. "माहंच डोकं पोचलं."